दारापुढचा बर्फ

बॉस्टनमध्ये बर्फ पडायचा थांबला की घरमालकांचं घड्याळ सुरू होतं. तीन तासांच्या आत आपल्या इमारतीला लागून असलेला फुटपाथ मोकळा करायचा. बर्फ रात्रीत थांबला असेल, तर सूर्योदयापासून तीन तास मोजायचे. कसाबसा एक माणूस जाईल एवढी वाट पुरत नाही. किमान ४२ इंच, म्हणजे साडेतीन फूट रुंदी लागते, कारण तेवढ्यातून व्हीलचेअर जाते, बाबागाडी जाते. फुटपाथावरून रस्त्यावर उतरणारा उतार आपल्या हद्दीला लागून असेल, तर तोही साफ करायचा. काढलेला बर्फ रस्त्यावर ढकलायचा नाही. यातलं काही चुकलं तर दंड होतो.

फुटपाथ हा मात्र सार्वजनिक रस्त्याचाच भाग. त्यावरून कोणी जावं, कोणी जाऊ नये, हे घरमालक ठरवू शकत नाही. त्याला कुंपण घालता येत नाही, परवानगीशिवाय तो उखडताही येत नाही. हक्क सगळ्यांचा आणि फावडं एकाचं, अशी ही व्यवस्था आहे. अमेरिकेतल्या बर्फाळ भागातल्या बहुतेक शहरांत थोड्याफार फरकाने हीच चालते.

यंदाच्या अंकासाठी संपादकांनी ‘चालणं’ हा विषय सुचवला तेव्हा मला हा फुटपाथ आठवला. बॉस्टन आणि त्याला खेटून असलेल्या केंब्रिज, सॉमरव्हिल या शहरांत माझे नातलग, स्नेही राहतात. हिवाळ्यातल्या मुक्कामात या गल्ल्या मी मुद्दाम पायी हिंडले, लोकांशी बोलले, नियम वाचले. बर्फाच्या दिवशी कोण चालू शकतं आणि कोणाला घरात बसावं लागतं, हे शेवटी कशावर ठरतं, एवढंच मला समजून घ्यायचं होतं.

बीकन स्ट्रीटवरची सकाळ

सॉमरव्हिल हे न्यू इंग्लंडमधल्या सर्वांत दाट वस्तीच्या शहरांपैकी एक. कारखान्यांतल्या कामगारांसाठी शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी बांधलेली तीन मजली लाकडी घरं इथे ओळीने उभी आहेत. एका मजल्यावर एक बिऱ्हाड, पुढे सज्जे, आणि दोन घरांच्या मध्ये जेमतेम एक गाडी मावेल एवढं अंतर. या घरांना लोक ‘ट्रिपल डेकर’ म्हणतात.

रात्रभर बर्फ पडला की पहाटे पहिला आवाज येतो तो प्लाऊचा. ट्रकच्या पुढे लावलेलं लोखंडी पातं डांबर खरवडत जातं आणि खिडक्यांच्या काचा थरथरतात. ट्रक पालिकेचा असतो किंवा पालिकेने ठेक्यावर घेतलेला. उजाडेपर्यंत मोटारींचा रस्ता बऱ्यापैकी काळा दिसायला लागतो. मग फावड्यांचे आवाज सुरू होतात, एकेका घरापुढे, ज्याच्या त्याच्या सवडीने.

अशाच एका सकाळी सॉमरव्हिलमधल्या बीकन स्ट्रीटच्या फुटपाथावर चालताना प्रत्येक घराची हद्द पायाला कळत होती. एका घरापुढे काँक्रीट दिसेपर्यंत बर्फ काढलेला, कडा सुरीने कापाव्यात तशा सरळ, वर निळसर मिठाचे दाणे टाकलेले. हद्द संपली आणि वाट एका फावड्याएवढी अरुंद झाली. त्यापुढच्या घरापुढे कोणी काही केलंच नव्हतं. सकाळी कामाला गेलेल्यांच्या बुटांनी तुडवून बर्फाच्या खाचा पडल्या होत्या आणि त्या खाचा थंडीने कडक होत चालल्या होत्या. त्याच्यापलीकडे स्नो-ब्लोअरने केलेली ऐसपैस वाट होती.

लोकरीची टोपी घातलेला एक म्हातारा आपल्या घरापुढचं आटपून शेजारच्या घरापुढे काम करत होता. शेजारीण ऐंशीच्या पुढची आहे, मुलगा लांब राहतो, म्हणून बरीच वर्षं तिच्या दारापुढचंही तोच काढतो, असं त्याने सांगितलं. तो स्वतःही सत्तरीचा असावा. या रस्त्यावरून त्या दिवशी किती माणसं सुखाने चालतील, याचा बराचसा भार त्याच्या पाठीवर होता.

तीन शहरं, तीन घड्याळं

हॅम्पशायर स्ट्रीट केंब्रिजमधून निघतो आणि इनमन स्क्वेअर ओलांडून सॉमरव्हिलमध्ये शिरला की त्याचंच नाव बीकन स्ट्रीट होतं. चालणाऱ्याला शहर बदललेलं कळतही नाही. बर्फाचा नियम मात्र बदलतो.

सॉमरव्हिलमध्ये बर्फ दिवसा थांबला तर रात्री दहापर्यंत फुटपाथ साफ करायचा, अंधार पडल्यावर थांबला तर दुसऱ्या दिवशी सकाळी दहापर्यंत. केंब्रिजमध्ये दिवसा थांबला तर बारा तासांची मुदत मिळते आणि रात्री पडला असेल तर दुपारी एकपर्यंतची. तिथे गोठलेल्या पाण्याचा नियम वेगळा आहे. फुटपाथावर काच धरली, म्हणजे पाणी गोठून कडक थर झाला, तर तो सहा तासांत काढायचा किंवा वितळवायचा. नदीपलीकडे बॉस्टनमध्ये तीन तासांचा हिशेब.

जानेवारीअखेरीला इथे सातच्या सुमाराला उजाडतं. पहाटे बर्फ थांबलेल्या दिवशी सकाळी साडेदहा वाजता पाहिलं, तर बॉस्टन आणि सॉमरव्हिलमधल्या घरमालकाची मुदत उलटून गेलेली असते आणि केंब्रिजमधल्या घरमालकाच्या हाती अजून अडीच तास असतात. शाळा आणि कचेऱ्या तिन्ही शहरांत साधारण एकाच वेळी सुरू होतात. मुलं आठच्या आधी शाळेला निघतात. म्हणजे नियम तंतोतंत पाळले तरी मुलांच्या चालायच्या वेळी मुदत संपलेलीच नसते. पालिकांनी हे मुद्दाम केलं असं नाही. पहाटे पाचला उठून बर्फ काढ, असं कोणत्या घरमालकाला सांगायचं, हा प्रश्न आहेच. पण मोटारीच्या रस्त्यासाठी पहाटे तीनलाही ट्रक फिरत असतात, हेही तितकंच खरं.

नियम मोडणाऱ्याला पकडायचं काम पालिकेचे निरीक्षक करतात, आणि बरीचशी खबर शेजाऱ्यांकडून येते. बॉस्टन आणि सॉमरव्हिलमध्ये ३११ या नंबरवर तक्रार करता येते. केंब्रिजमध्ये दिवसाला ५० डॉलर दंड आहे. मोठ्या इमारतीच्या मालकाला ही रक्कम कसपटासारखी, पेन्शनवर जगणाऱ्या विधवेला मात्र जड. म्हणून उत्पन्न कमी असलेल्या वृद्ध आणि अपंग घरमालकांसाठी केंब्रिजने सवलतीची योजना ठेवली आहे. सॉमरव्हिलमध्ये शाळकरी मुलांना म्हाताऱ्या माणसांशी जोडून देतात, मुलांना चार पैसे मिळतात आणि आजोबांचा जिना मोकळा होतो.

या गल्ल्यांशी मराठी माणसांचा संबंध आजचा नाही. धर्मानंद कोसंबी पाली ग्रंथाच्या कामासाठी विसाव्या शतकाच्या पहिल्या काही दशकांत हार्वर्डला अनेकदा येऊन राहिले. दामोदर कोसंबी केंब्रिजच्या शाळेत शिकले आणि १९२९ मध्ये हार्वर्डमधून पदवीधर झाले. आज बॉस्टनच्या उपनगरांमध्ये हजारो मराठी कुटुंबं स्वतःच्या घरांत राहतात. कायद्याच्या भाषेत सांगायचं तर फावडं आता त्यांच्याही हातात आहे.

तीनशे किलो

लांबून पाहणाऱ्याला बर्फ कापसासारखा हलका वाटतो. हिशेब करून पाहिला तर चित्र बदलतं. घरापुढे तीस फूट फुटपाथ आहे, त्यावर एक फूट ताजा, भुसभुशीत बर्फ आहे आणि साडेतीन फुटांची वाट काढायची आहे, असं धरू. ताज्या बर्फात साधारण दहाव्या हिश्श्याइतकं पाणी असतं. म्हणजे सुमारे तीनशे किलो वजन उचलून बाजूला टाकायचं. हवा शून्याच्या आसपास असताना पडलेला ओला बर्फ याच्या दुप्पट किंवा त्याहूनही जड भरतो. आणि फुटपाथाच्या एका बाजूला घर, दुसऱ्या बाजूला उभ्या मोटारी, त्यामुळे टाकायचा कुठे, हाही प्रश्न असतो. ढीग उंच होत गेला की प्रत्येक फावडं खांद्याच्या वर उचलावं लागतं.

हे काम जिवावर बेतू शकतं. १९९० ते २००६ या काळातल्या नोंदींवरून अमेरिकेतल्या संशोधकांनी काढलेला अंदाज असा, की बर्फ काढताना दरवर्षी सरासरी साडेअकरा हजार माणसं दवाखान्यात जाण्याइतकी जखमी होतात आणि शंभराच्या आसपास दगावतात. दगावणाऱ्यांत बहुतेक हृदयविकाराचे. गारठ्यात रक्तवाहिन्या आकसतात, रक्तदाब वाढतो, आणि एरवी फारशी हालचाल नसलेला माणूस अचानक अवजड काम करायला लागतो. म्हणून डॉक्टर सांगतात की बर्फ पडत असतानाच थोडा थोडा काढावा, उचलण्यापेक्षा ढकलावा, छातीत जड वाटलं तर फावडं तिथेच टाकून आत यावं.

बर्फ काढला म्हणजे काम संपलं असं नाही. दुपारी ऊन पडतं, कडेचे ढीग पाझरतात, ते पाणी फुटपाथावर पसरतं आणि सूर्य मावळल्यावर गोठतं. काळ्या डांबरावर किंवा ओल्या काँक्रीटवर हा पातळ थर दिसतच नाही. त्याला ‘ब्लॅक आइस’ म्हणतात. सगळ्यात वाईट जागा म्हणजे छताच्या पन्हळीचा नळ जिथे फुटपाथाकडे तोंड करून सोडलेला असतो ती. सॉमरव्हिलच्या एका गल्लीत असा नळ मी जवळून पाहिला. तोंडाशी बोटभर जाडीची बर्फाची जीभ बाहेर आली होती, तिच्या टोकावरून थेंब गळत होते आणि खाली फुटपाथभर पंख्याच्या आकाराचा गुळगुळीत, फुगीर थर जमला होता. घरमालकाने बर्फ अगदी नीट काढला होता. धोका त्याच्याच छतावरून रोज नव्याने उतरत होता.

यावर उपाय मिठाचा. पण साधं मीठ साधारण उणे ९ अंश सेल्सिअसपर्यंत नीट काम करतं, त्याखाली फारच मंदावतं. तेव्हा कॅल्शियम क्लोराइड वापरतात, ते महाग पडतं. मूठभर मीठ पुरतं तिथे लोक घमेलंभर ओततात. ते काँक्रीट खातं, झाडांच्या मुळांशी जातं, कुत्र्यांचे पंजे सोलपटवतं. शेवटी गटारांतून चार्ल्स आणि मिस्टिक नद्यांमध्ये उतरतं, आणि पाण्यात एकदा विरघळलेलं मीठ सहजासहजी काढता येत नाही. म्हणून जाणकार आधी फावडं, मग पहार, मग चिमूटभर मीठ, आणि फारच थंडी असेल तर नुसती वाळू, असा क्रम सांगतात. वाळूने बर्फ वितळत नाही, पण पाय धरून राहतो.

१८३५ चा निकाल

घरमालकाने सार्वजनिक फुटपाथ का साफ करायचा, हा प्रश्न बॉस्टनमध्येच जवळपास दोनशे वर्षांपूर्वी कोर्टात गेला होता. गोडार्ड नावाच्या एका रहिवाशाला फुटपाथावरचा बर्फ न काढल्याबद्दल दंड झाला. हा दंड म्हणजे मागल्या दाराने बसवलेला कर आहे आणि तो काही जणांवरच पडतो, असा आक्षेप होता. मॅसॅच्युसेट्सच्या सर्वोच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश लेम्युएल शॉ यांनी १८३५ मध्ये नियम वैध ठरवला. त्यांच्या म्हणण्याचा आशय असा: फुटपाथ सार्वजनिक रस्त्याचा भाग असला तरी लगतच्या घराला त्याचा विशेष उपयोग होतो. हा कर नसून एक कर्तव्य आहे, ते लगतच्या रहिवाशाला सर्वांत लवकर पार पाडता येतं, आणि सगळेच ते पार पाडत असल्याने प्रत्येकाला इतरांच्या कामाचा फायदा मिळतो.

१८३५ चं बॉस्टन डोळ्यांपुढे आणलं तर हा युक्तिवाद पटतो. शहर लहान होतं, जवळजवळ सगळे पायीच हिंडत, घरमालक बहुधा त्याच घरात राही, आणि रस्त्यावरचा बर्फ घोड्यांच्या घसरगाड्यांना हवाच असे. रस्ता बर्फासकट वापरात होता, मोकळा करायचा तो फुटपाथ तेवढा, आणि तो पालिकेपेक्षा घरातल्या माणसाला आधी गाठता येत असे.

इलिनॉय राज्यातल्या ब्लूमिंग्टन शहराचं असंच प्रकरण १८७८ मध्ये तिथल्या सर्वोच्च न्यायालयापुढे आलं आणि निकाल उलटा लागला. रस्त्यावर लगतच्या मालकाचा इतर नागरिकांपेक्षा जास्त हक्क नाही, मग जास्त भार तरी त्याच्यावर का, असा तिथला विचार होता. व्यवहारात शॉ यांचीच बाजू टिकली. आज इलिनॉयमधल्याच शिकागोतही घरमालकालाच फुटपाथ साफ करावा लागतो. पण शॉ ज्या शहराविषयी बोलत होते ते शहर आता उरलेलं नाही. मोटारी आल्या, रस्त्यावरचा बर्फ अडचणीचा झाला, आणि तो काढायचं काम शहराने सार्वजनिक खर्चातून स्वतःकडे घेतलं. फुटपाथ तेवढा एकोणिसाव्या शतकात राहिला. एकाच रस्त्याचा मधला पट्टा सरकारी आणि कडेचा पट्टा खासगी, ही विभागणी अशी झाली.

घसरून पडलं तर?

मॅसॅच्युसेट्समध्ये अनेक वर्षं घरमालकांमध्ये एक समज पक्का होता: बर्फाला हात लावू नये, लावला तर जबाबदारी आपल्यावर येते. याला कायद्याचा आधार होता. नैसर्गिकपणे साचलेल्या बर्फावरून कोणी पडलं तर मालक जबाबदार नाही, पण मालकाने बर्फ हलवून नवी अडचण निर्माण केली असेल तर जबाबदार, अशी तिथल्या कोर्टांची भूमिका होती. काहीच न करणारा सुरक्षित आणि अर्धवट का होईना झटणारा अडचणीत.

डिसेंबर २००२ मध्ये डॅनव्हर्स गावातल्या एका मॉलच्या पार्किंगमध्ये पापाडोपुलोस नावाचे गृहस्थ बर्फावरून घसरून पडले. त्यांनी टार्गेट या दुकानावर दावा केला. खालच्या कोर्टांनी जुन्या नियमाप्रमाणे तो फेटाळला. २०१० मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने तो जुना नियमच मोडीत काढला. बर्फ नैसर्गिक की मालकाने हलवलेला, हा भेद सोडून द्या. इतर कोणत्याही धोक्याबाबत मालकाने जशी वाजवी काळजी घ्यायची असते तशीच बर्फाबाबतही घ्यायला हवी, असं न्यायालय म्हणालं.

हा निकाल मराठी घरांच्याही उंबऱ्याशी येतो. संक्रांत ते रथसप्तमी हा इथल्या ऐन बर्फाचा काळ, आणि हळदीकुंकवाचाही. बायका साडीवर जाड कोट आणि पायात स्नो-बूट घालून येतात, चपला पिशवीत असतात, त्या दारात बदलतात. मी गेले होते त्या घरी यजमानांनी दुपारीच पायऱ्यांवर मीठ टाकलं होतं. यजमानीण तिळगूळ हातात घेऊन दारात उभी राहून, “काकू, कठडा धरा हं, खालची पायरी ओली आहे,” असं प्रत्येकीला सांगत होती. हे अगत्य होतं, आणि मॅसॅच्युसेट्सच्या कायद्याने ही यजमानाची जबाबदारीही आहे. पाहुणी त्या पायरीवरून पडली, तर वाजवी काळजी घेतली होती का, हा प्रश्न कोर्टात विचारला जाऊ शकतो.

सार्वजनिक फुटपाथावर मात्र चमत्कारिक पोकळी आहे. रस्ता एरवी ठीक असेल तर बर्फामुळे झालेल्या इजेला शहर जबाबदार नाही, असं राज्याचा कायदाच सांगतो. लगतच्या मालकाने फुटपाथ साफ केला नाही तर पालिका त्याला दंड करते, पण तेवढ्यावरून पडलेल्या वाटसरूला त्याच्याकडून भरपाई मागता येत नाही, अशी इथल्या न्यायालयांची भूमिका आजवर सहसा राहिली आहे. दंड पालिकेच्या तिजोरीत जातो आणि मोडलेलं मनगट ज्याचं त्याच्याकडे राहतं. न्यूयॉर्क शहराने २००३ मध्ये ही फट बुजवायला फुटपाथाची कायदेशीर जबाबदारी लगतच्या मालकांवर टाकली. त्यातून एक ते तीन बिऱ्हाडांची, मालक स्वतः राहत असलेली घरं वगळली. इलिनॉयने १९७९ मध्ये वेगळी वाट धरली. घरापुढचा बर्फ काढणाऱ्याने मुद्दाम किंवा बेपर्वाईने काही केलं नसेल, तर त्याच्यावर दावा चालणार नाही, असं अभय दिलं, म्हणजे लोक भीतीपोटी फावडं खाली ठेवणार नाहीत.

मालक फ्लोरिडात, भाडेकरू तिसऱ्या मजल्यावर

ट्रिपल डेकरमध्ये तीन बिऱ्हाडं असतात आणि दार एकच असतं. बर्फ कोणी काढायचा? मालक त्याच घरात राहत असेल तर प्रश्न येत नाही. पण यातली कितीतरी घरं आता गुंतवणूक म्हणून घेतलेली आहेत. मालक हिवाळ्यात फ्लोरिडात असतो किंवा मालक म्हणजे एक कंपनीच असते. वरच्या मजल्यांवर विद्यार्थी आणि नुकती नोकरी लागलेली मुलं राहतात, त्यांत पुण्या-नागपूरची मुलंही बरीच.

अशा एका घरातल्या मराठी मुलांनी मला सांगितलं, की भाडेकरारात बर्फ काढणं त्यांच्यावर आहे असं लिहिलेलं होतं आणि त्यांनी सहीही केली होती. फावडं जिन्याखाली होतं, दांडा मोडलेलं. या राज्यातल्या घरांसाठीच्या आरोग्य नियमांप्रमाणे येण्याजाण्याच्या वाटेवरचा बर्फ काढणं ही मालकाची जबाबदारी आहे. भाडेकरूचं दार स्वतंत्र असेल, दुसऱ्या बिऱ्हाडाशी सामाईक नसेल आणि लेखी करार असेल, तरच ती त्याच्यावर टाकता येते. तीन बिऱ्हाडांच्या सामाईक जिन्याला अशी अट लागू पडत नाही. मुलांना हे माहीत नव्हतं. तरीही बर्फ काढत होते, कारण खालच्या मजल्यावर तान्हं मूल होतं.

घरमालकांवर टाकलेलं कर्तव्य प्रत्यक्षात असं खाली खाली सरकत जातं. मालकाकडून व्यवस्थापकाकडे, व्यवस्थापकाकडून ठेकेदाराकडे, ठेकेदाराकडून पहाटे चारला ट्रकमधून उतरणाऱ्या मजुरांकडे. बॉस्टनच्या मोठ्या इमारतींपुढचे झकास साफ फुटपाथ बहुधा याच माणसांनी केलेले असतात.

कोपऱ्यावरचा बंधारा

फुटपाथावर कितीही घरांनी नीट काम केलं, तरी वाट कोपऱ्यावर अडते. रस्त्याचा प्लाऊ वळताना बर्फ कडेला लोटतो, आणि फुटपाथावरून रस्त्यावर उतरायचा उतार नेमका तिथेच असतो. मालकाने सकाळी आठला उतार मोकळा केला आणि नऊला प्लाऊ पुन्हा आला, की गुडघाभर उंच, ढेकळांचा कडक बांध तयार. प्लाऊने लोटलेला बर्फ दाबला गेलेला असतो, त्यात मीठ आणि चिखल मिसळलेला असतो, तो फावड्याने निघत नाही, पहार लागते.

धडधाकट माणूस त्यावरून उडी मारतो. व्हीलचेअरवरची व्यक्ती तिथून मागे फिरते. बॉस्टनमध्ये व्हीलचेअर वापरणाऱ्या एका बाईंनी मला समजावलं, की बर्फाच्या दिवशी त्या घरापासून बसथांब्यापर्यंतच्या फुटपाथाला टक्केवारीत गुण देत नाहीत. नव्व्याण्णव टक्के साफ असला तरी त्यांच्यासाठी तो बंद असतो, कारण उरलेला एक टक्का ओलांडता येत नाही. मग त्या मोटारींच्या रस्त्यावरून जातात किंवा जात नाहीत. पांढरी काठी घेऊन चालणाऱ्याची अडचण आणखी निराळी. काठीला ओळखीची कड लागत नाही, ढीग लागतो.

२०१४-१५ च्या हिवाळ्यात बॉस्टनमध्ये ११०.६ इंच, म्हणजे नऊ फुटांहून जास्त बर्फ पडला, आणि त्यातला जवळपास ६५ इंच एकट्या फेब्रुवारीत. एका वादळाचे ढीग हलायच्या आत दुसरं वादळ येत होतं. कडेच्या भिंती माणसाहून उंच झाल्या. शहराने ट्रक भरभरून बर्फ मोकळ्या मैदानांवर नेऊन टाकला, आणि बंदरभागातला एक डोंगर पूर्ण वितळायला १४ जुलै उजाडला. रोज तीनशे किलो उचलणाऱ्या घरमालकाला त्या महिन्यात दंडाचा धाक दाखवून काय साधणार होतं? टाकायला जागाच नव्हती. बर्फ उचलून शहराबाहेर नेणं कोणत्याही एका घराच्या आवाक्यातलं काम नव्हतं.

मोकळ्या प्लॉटपुढे, पुलांवर, रेल्वेच्या हद्दीला लागून, बसथांब्यापाशी तर फावडं घेऊन उभा राहणारा ‘लगतचा रहिवासी’ नसतोच. २००२ मध्ये अमेरिकेच्या पश्चिमेकडच्या राज्यांसाठीच्या अपील न्यायालयाने सॅक्रामेंटो शहराच्या खटल्यात सांगितलं, की फुटपाथ ही शहराने नागरिकांना पुरवलेली सेवाच आहे आणि अपंगांसाठीचा केंद्रीय कायदा तिला लागू होतो. तो खटला बर्फाचा नव्हता आणि त्या न्यायालयाचा अंमल बॉस्टनवर नाही. पण विचार लक्षात घेण्याजोगा आहे. सेवा म्हटली की ती घरागणिक तुटून चालत नाही.

ज्यांनी काम शहराकडे घेतलं

माँट्रियलमध्ये घरापुढचा सार्वजनिक फुटपाथ पालिकाच साफ करते. छोटी, अरुंद यंत्रं फुटपाथावरून जातात. मोठं वादळ झालं की नंतर रस्त्यागणिक पार्किंग बंद केलं जातं, बर्फ ट्रकमध्ये भरून नेला जातो, आणि गाडी न हलवणाऱ्यांसाठी टोइंगचे ट्रक भोंगे वाजवत फिरतात. न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात मोठा बर्फ पडला की पालिकेचे ठेकेदार फुटपाथावरून प्लाऊ फिरवतात, आणि त्याचा खर्च घराच्या दर्शनी लांबीप्रमाणे मालकाच्या करबिलात येतो. तिथेही मालकाची जबाबदारी संपत नाही. पालिका फक्त वाट सलग राहील एवढं पाहते.

टोरोंटोमध्ये बाहेरच्या भागांत पालिका फुटपाथ साफ करायची आणि जुन्या, अरुंद गल्ल्यांमध्ये ते घरमालकांवर सोडलेलं असायचं. २०२१-२२ च्या हिवाळ्यापासून शहराने सगळेच फुटपाथ आपल्याकडे घेतले, त्यासाठी लहान यंत्रं आणली. सगळं सुरळीत झालं असं नाही. फेब्रुवारी २०२५ मध्ये लागोपाठ वादळं आली तेव्हा कित्येक फुटपाथ बरेच दिवस अडून राहिले आणि तक्रारींचा भडिमार झाला. पण त्या तक्रारी एका पत्त्यावर गेल्या. महापौरांना उत्तरं द्यावी लागली, ठेक्यांची चौकशी झाली. सॉमरव्हिलमध्ये तीन घरं सोडून चौथ्या घरापुढे बर्फ राहिला, तर त्याबद्दल महापौरांना कोणी धारेवर धरत नाही. शेजारी शेजाऱ्याला धरतो.

बर्फाचा निर्णय वसंतात होतो

हे सगळं पाहिल्यावर माझं मत पक्कं झालं आहे. घरमालकाचं फावडं हवंच. पहिल्या दोन-तीन तासांत जे काम होतं ते कोणतीही पालिका शेकडो मैलांवर एकाच वेळी करू शकत नाही, आणि शेजारणीच्या दारापुढचा बर्फ काढणाऱ्या म्हाताऱ्याला पर्यायी यंत्र नाही. पण वाट सलग आहे का, याची हमी त्या म्हाताऱ्याने द्यायची नसते. ती शहराने द्यायची. कोपरे, उतार, बसथांबे, पूल, मोकळे प्लॉट, पत्ता न लागणाऱ्या मालकांची घरं आणि शाळा-दवाखान्यांकडे जाणारे रस्ते यांची यादी प्रत्येक पालिकेकडे असायला हवी. मालकाची मुदत संपली की त्या यादीप्रमाणे पालिकेची माणसं फिरायला हवीत, आणि खर्च नंतर कसूर करणाऱ्याकडून वसूल व्हावा. दंड केल्याने बर्फ हलत नाही.

बॉस्टन परिसरातल्या मराठी कुटुंबांना हे मी आवर्जून सांगते, कारण त्यांच्यापैकी अनेक जण आता इथले नागरिक, मतदार आणि करदाते आहेत. उपनगरात ड्राइव्हवे साफ करायला पिकअपवाला बांधलेला असतो, गाडी गॅरेजमधून थेट निघते, आणि पुढचा फुटपाथ नजरेत येत नाही. भारतातून सहा महिन्यांसाठी आलेले आईवडील मात्र गाडी चालवत नाहीत. फुटपाथ बंद झाला की त्यांचा हिवाळा चार भिंतींत जातो.

मॅसॅच्युसेट्समधल्या शहरांचं आर्थिक वर्ष १ जुलैला सुरू होतं. त्यामुळे पुढच्या हिवाळ्यात फुटपाथासाठी किती यंत्रं, किती माणसं, हे वसंतात ठरतं. तेव्हा झाडांना पालवी आलेली असते आणि बर्फाची आठवण कोणालाच नको असते. अंदाजपत्रकाच्या त्या सुनावण्या खुल्या असतात, कोणाही रहिवाशाला तिथे बोलता येतं. आपल्या गल्लीतले कोपरे आणि बसथांबे कोण साफ करणार, हे तिथे उभं राहून विचारणं आणि उत्तर मिळेपर्यंत विचारत राहणं, हेही दारापुढचा बर्फ काढण्याइतकंच घरमालकाचं काम आहे.